रविवारी भेटणारा देव सोमवारी कुठे असतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. ३२ वर्षं हिशेबनीस म्हणून काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं ख्रिस्ती मंडळीच्या बायबल-अभ्यास गटात बसून लोकांचे प्रश्न ऐकले. विचारणारे बदलत गेले, प्रश्न मात्र फिरून फिरून तेच यायचे. उपासनेत देव जवळ वाटतो, मग भांडी घासताना, फाइली चाळताना, रांगेत ताटकळताना तो जातो कुठे? त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत. जिथे बोलण्यासारखं होतं तिथे रेंगाळले, इतकंच.

साध्या रोजच्या जगण्याला आध्यात्मिक अर्थ आहे असं पवित्र शास्त्र खरंच म्हणतं का? की ही आपणच करून घेतलेली समजूत आहे?

समजूत असती तर येशूचं चरित्र वेगळंच लिहिलं गेलं असतं. येशूची चार चरित्रं, म्हणजे शुभवर्तमानं, आहेत. त्यांतल्या एकाचा लेखक लूक सांगतो (३:२३) की कार्याला आरंभ केला तेव्हा येशू सुमारे ३० वर्षांचा होता. त्याआधीच्या वर्षांबद्दल शुभवर्तमानं जवळजवळ गप्प आहेत. बालपणीच्या घटना, बारा वर्षांचा असताना मंदिरात मागे राहिल्याची हकिगत, आणि मग तो आईबापांबरोबर नासरेथला जाऊन त्यांच्या आज्ञेत राहिला एवढंच. गावकऱ्यांच्या लेखी तो सुतार (मार्क ६:३).

आता बाप्तिस्म्याचा प्रसंग पाहा. आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. ही पावती मिळाली तेव्हा येशूने एकाही जमावापुढे उपदेश केलेला नव्हता, एकाही आंधळ्याला दृष्टी दिलेली नव्हती. मागे होती ती करवत, रंधा आणि घरच्या माणसांत गेलेली वर्षं. त्या वर्षांनाही ती पावती लागू होते, असं मी वाचते.

दुसऱ्या शतकातले ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर लिहून गेले आहेत की येशू नांगर आणि जू बनवत असे. हे डोक्यात ठेवून मत्तय ११:३० वाचा, ‘माझे जू सोयीचे’. बैलाच्या मानेला काचणार नाही असं जू कसं तासायचं, हे ज्याच्या हातांना ठाऊक आहे असा माणूस बोलतोय असं वाटतं.

मग हा अर्थ ‘शोधायचा’ म्हणजे नेमकं करायचं काय? मी भांडी घासताना मुद्दाम देवाचा विचार करून पाहिला, पण ते ओढूनताणून वाटलं.

ओढूनताणून वाटणारच, कारण तुम्ही अर्थ वरून चिकटवायला गेलात. साबणाचा फेस म्हणजे पापांची क्षमा, घासणी म्हणजे संकटं, असली रूपकं मीही एके काळी रचली आहेत. दोन दिवस बरी वाटतात, तिसऱ्या दिवशी स्वतःचंच हसू येतं.

याकोबाची गोष्ट आठवा (उत्पत्ति २८). घरातून पळून निघालेला माणूस, वाटेत सूर्य मावळला, उशाला धोंडा घेतला आणि झोपला. ती जागा त्याने काही पवित्र म्हणून निवडलेली नव्हती. उठल्यावर तो म्हणतो की परमेश्वर खरोखर या ठिकाणी आहे आणि मला हे ठाऊक नव्हतं. देव तिथे आधीपासून होता, याकोबाला फक्त उशिरा कळलं. मोशेचंही तसंच. तो सासऱ्याची मेंढरं चारत होता, म्हणजे ड्युटीवरच होता. निर्गम ३:४ बारकाईने वाचा. झुडूप जळत होतं पण भस्म होत नव्हतं, तो ते पाहायला वळला हे परमेश्वराने पाहिलं आणि मग हाक मारली. वळून पाहणं एवढाच मोशेचा वाटा.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगते. नोंद वहीत आधीच झालेली असते, आपल्याला ती वाचायची असते. भांडी घासताना भांडी नीट घासा. पाण्याचा गारवा हाताला लागतोय, घरात माणसं आहेत म्हणून ताटं खरकटी झालीत, हे एकदा दिसू द्या. आभार मानावेसे वाटले तर माना. नाही वाटले तर भांडी तरी स्वच्छ झाली.

माझी नोकरी कंटाळवाणी आहे. दिवसभर आकडे आणि कागद. यात कसला आलाय देव?

हा प्रश्न मी स्वतःला पंधराएक वर्षं विचारला, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

वर्षअखेरीला एकदा दोन बाजूंचा मेळ बसेना. फरक होता ६३. हिशेबातल्या माणसांना एक युक्ती ठाऊक असते. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी शेजारशेजारचे दोन आकडे उलटे पडले असण्याची शक्यता फार. ६३ ला जातो. म्हणजे कोणीतरी ९२ च्या जागी २९ लिहिलं असावं, किंवा ८१ च्या जागी १८. मी एकेक पान उलटत गेले. संध्याकाळ झाली, दिवे लागले, बाकीचे घरी गेले. शेवटी सापडलं. एका रोजंदारीवरच्या कामगाराच्या नावापुढे ९२ ऐवजी २९ पडले होते. चूक माझ्याच हातची होती, अक्षर माझंच. पेन्सिलीने खूण केली, दुरुस्तीची नोंद टाकली, वही मिटली. त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्यालाही कळलं नसेल की एका संध्याकाळी कोणीतरी त्याच्या त्रेसष्टासाठी बसलं होतं.

घरी जाताना एकदम लक्षात आलं की नीतिसूत्रांतलं खोट्या तराजूबद्दलचं वचन (११:१) मी लहानपणापासून पाठ म्हणत होते आणि आज पहिल्यांदा ते पाळलं होतं. परमेश्वराला खोटा तराजू खपत नाही. म्हणजे त्याला तराजूत रस आहे! माझ्या वहीतही.

जुन्या करारात देवाच्या आत्म्याने भरलेला असं नाव घेऊन प्रथम ज्याच्याविषयी म्हटलंय तो संदेष्टा नाही, राजा नाही. तो बसालेल नावाचा कारागीर आहे (निर्गम ३१). सोनं, चांदी, पितळ, लाकूड यांवर काम करण्यासाठी त्याला आत्मा दिला. हिब्रूत ‘अवोदा’ हा एकच शब्द कष्ट, सेवा आणि उपासना या तिन्हींसाठी चालतो. आपण मात्र उपासनेला रविवार दिला आणि कष्टांना उरलेला आठवडा.

‘प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे वचन सांगून आमच्याकडून जादा काम करून घेतात. विरोध करणं अविश्वासाचं लक्षण आहे का?

नाही. प्रेषित पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं ते वचन (३:२३) दासांना उद्देशून आहे, हे सांगायला लोक सोयीस्कर विसरतात. ज्यांच्या कष्टांची कोणी किंमत करत नव्हतं त्यांना पौल म्हणतोय की तुमचं काम प्रभू पाहतो. दोनच वचनांनंतर, चौथ्या अध्यायाच्या आरंभी, तो धन्यांकडे वळतो. दासांशी न्यायाने वागा, तुम्हालाही स्वर्गात धनी आहे. पुढे नव्या करारातलं याकोबाचं पत्र (५:४) वाचा, हा याकोब वेगळा. कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी तिथे ओरडते आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे. जो वरिष्ठ पहिलं वचन ऐकवतो त्याला ही दोन्ही ऐकवायला हरकत नाही.

घरकामाचं काय? ते तर संपतच नाही आणि कोणाला दिसतही नाही.

जखऱ्या संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय फारसं कोणी वाचत नाही. वाचा. प्रमुख याजकाच्या मंदिलावर सोन्याची पट्टी असे आणि तिच्यावर ‘परमेश्वराला पवित्र’ असं कोरलेलं असे (निर्गम २८:३६). ते शब्द त्या कपाळाशिवाय दुसरीकडे शोभणार नाहीत असंच कोणालाही वाटेल. जखऱ्या म्हणतो की तो दिवस येईल तेव्हा हेच शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडं परमेश्वरासाठी पवित्र होईल (१४:२०-२१). वेदीपुढचे कटोरे आणि घरातली पातेली एका पंगतीला! मला हे चित्र फार आवडतं. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठाच्या कोठीदारासाठी जो नियम घालून दिला (३१वा अध्याय) त्यात तेच आहे. मठातली सगळी भांडी-अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी समजावीत. त्यामुळे आपटाआपट बंद.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. आधी सैनिक, लढाईत जायबंदी झालेले. मठात त्यांच्या वाट्याला आलं स्वयंपाकघर, आणि त्या कामाचा त्यांना मुळातच तिटकारा होता. हा तपशील लोक गाळतात. त्यांच्याबद्दल बोलताना असा सूर लावतात की जणू त्यांना कढया घासण्याची उपजत आवड होती. आवड नव्हती. देवाशी बोलत बोलत ते काम करत राहिले, आणि पहिली दहा वर्षं फार जड गेली असं त्यांनीच एका पत्रात लिहिलं आहे. दहा वर्षं! आपण आठवडाभरात निकाल मागतो.

घरात तान्हं मूल आहे. शास्त्रवाचन बंद, प्रार्थना बंद, झोपसुद्धा बंद. मी देवापासून दूर चाललेय का?

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२२ मध्ये विवाहाबद्दल लिहिताना बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचं उदाहरण घेतलं आहे. लोक त्याला बायल्या म्हणून हसतील, पण तो हे विश्वासाने करत असेल तर देव आपल्या सगळ्या दूतांसह प्रसन्न हसतो, असं ते म्हणतात. पाचशे वर्षांपूर्वीचं लिखाण आहे हे, आणि लंगोट बापाच्या हातात आहेत, याकडे घरातल्या बाप्यांचंही लक्ष वेधावं.

रात्री तीनला बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालताना शब्द सुचत नसतील तर प्रभूच्या प्रार्थनेतला पहिला शब्द पुरे, ‘हे आमच्या पित्या’. बाकीची सकाळी. कोणी ‘शांत वेळ’ (रोज एकट्याने शास्त्रवाचन आणि प्रार्थना) पाळत नाहीस म्हणून टोकलं तर बाळ एक तासभर त्यांच्याकडे द्या.

पण येशूने मार्थेला कामावरूनच बोल लावला ना? मरीयेने चांगला वाटा निवडला असं तो म्हणाला.

येशू मार्था आणि मरीया या बहिणींकडे पाहुणा होता. मार्था कामात होती, मरीया त्याचं ऐकत बसली होती. लूक १० मध्ये मार्थेला जे ऐकून घ्यावं लागलं ते ‘तू फार गोष्टींविषयी काळजी व दगदग करतेस’ हे. काम करू नकोस असं तिथे नाही. तिची चिडचिड बहिणीवर निघाली होती आणि पाहुण्यालाच मध्यस्थ करायला निघाली होती ती. आता योहान १२:२ काढा. काही काळ लोटलाय, मधे त्यांच्या भावाचं, लाजरचं, मरण आणि पुन्हा उठणं होऊन गेलंय, येशूसाठी मेजवानी आहे. ‘मार्था वाढत होती.’ पुन्हा तेच काम! या वेळी मात्र तिला कोणी काही म्हणत नाही, तीही कोणाची तक्रार करत नाही. शिवाय योहान ११:२७ मध्ये येशू हाच ख्रिस्त, देवाचा पुत्र, अशी जी स्पष्ट कबुली आहे ती मार्थेच्याच तोंडची आहे. प्रवचनांत तिला एवढं झोडपलं गेलंय की कधीतरी कोणी तिची बाजू घ्यायला हवी.

आजारी माणसाची सेवा करतेय. प्रेम आटत चाललंय, उरलाय तो थकवा. यात आध्यात्मिक काय?

पक्षाघातानंतर बाबा दीड वर्ष आमच्याकडे होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, तोंड पुसायचं. मी प्रेमळपणे करत होते असं म्हणाले तर खोटं ठरेल. बऱ्याचदा दात-ओठ खाऊन करत होते.

सकाळी त्यांना सदरा घालायचे. बटणं खालून वर लावत यायचे, कारण वरून लावली की नेहमी एक काजं उरायचं. सगळ्यांत वरच्या बटणापाशी आले की बाबा हनुवटी वर करायचे. रोज. बोलता येत नव्हतं, उजवा हात हलत नव्हता, पण बटण लावणाऱ्याला जागा मिळावी म्हणून हनुवटी तेवढी वर करायचे. मी शाळेत जायच्या वेळी ते माझ्या गळ्याचं बटण लावायचे तेव्हा मी अगदी तशीच मान वर करून उभी राहायची. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा सात-आठ महिने उलटून गेले होते.

मत्तय २५ मध्ये न्यायाच्या दिवशी नीतिमानांना सांगितलं जातं की तुम्ही मला खायला दिलंत, मी आजारी असता माझ्या समाचाराला आलात. ते चक्रावून विचारतात, प्रभू, केव्हा? त्यांना काही जाणवलंच नव्हतं. ते करत होते तेव्हा समोर ख्रिस्त आहे असा भक्तिभाव दाटून आला होता, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. समोर भुकेला आणि आजारी माणूस होता. म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही यावरून तिथे काही नाही असं ठरवू नका. आणि मदतीला माणूस मिळत असेल तर घ्या. मी उशिरा घेतली, तो हट्ट होता.

महिनोन्महिने काहीच जाणवत नाही. प्रार्थना छतापलीकडे जात नाही. मी काय चुकतोय?

बहुधा काहीच नाही. ८८वं स्तोत्र शेवटपर्यंत वाचा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे, मंडळी ते म्हणत आली आहे.

दुसरं म्हणजे शरीराकडे पाहा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे १९). देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. तो झोपला. दूताने उठवून भाकर आणि पाणी दिलं. तो खाऊन पुन्हा झोपला. दूताने पुन्हा उठवून खायला दिलं, कारण वाट लांबची आहे. मंद, शांत वाणी ऐकू आली ती त्यानंतर चाळीस दिवसांनी. झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या कोणाला तरी आजच सांगा. हा विश्वासाचा कमीपणा नाही.

रोजच्या घटनांतून देव आपल्याला खुणा देतो का? नेमका दिवा हिरवा होणं, कोणाची आठवण काढताच तिचा फोन येणं?

इथे मी थोडी खवट आहे, आधीच सांगते. मला वेळेवर हिरवा दिवा मिळाला ही देवाची खूण असेल, तर आडव्या रस्त्यावर त्याच वेळी लाल दिव्यापाशी थांबलेल्या आजारी माणसाच्या गाडीला देवाने काय कळवलं? पाऊस नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पडतो असं येशू म्हणाला (मत्तय ५:४५). माझ्यापुरतं जग फिरतंय असं वाटायला लागलं की ते अध्यात्म घसरतं.

मग देव घटनांमध्ये नसतोच का? असतो, पण बहुतेक वेळा मागे वळून पाहिल्यावर दिसतो. रूथ सरवा वेचायला निघाली आणि तिचं पाऊल योगायोगाने बवाजच्या शेतात पडलं, असं शास्त्रच म्हणतं (रूथ २:३). त्या क्षणी तिला ते एक शेत होतं, बाकी काही नाही. दावीद राजाची पणजी होणार आहोत हे तिला कोण सांगणार? एस्तेरच्या पुस्तकात तर, हिब्रू संहितेत, देवाचं नाव एकदाही येत नाही. राजाला एका रात्री झोप लागत नाही, तो दप्तर वाचून घेतो आणि सगळं चक्र फिरतं.

उलट बाजूचं उदाहरणही देते. ३८६ साली मिलानमधल्या बागेत ऑगस्टीन (पुढे संत झालेले) रडत बसले होते आणि शेजारून एका मुलाचा आवाज आला, ‘उचल आणि वाच’. त्यांनी ती देवाची आज्ञा मानली, रोमकरांस पत्र उघडलं आणि आयुष्य बदललं. पण त्या आवाजाने त्यांना नवं काही सांगितलं नाही. काय सोडायचं आहे हे त्यांना कित्येक वर्षं पक्कं ठाऊक होतं. माझी कसोटी हीच आहे. तुम्हाला जी खूण वाटतेय ती, आधीच ठाऊक असलेलं आणि टाळत आलेलं चांगलं काम करायला लावतेय का? मग खुशाल माना. तुम्हाला हवं तेच करायला परवानगी देतेय का? मग चार दिवस थांबा आणि एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारा.

हे सजगतेच्या ध्यानासारखंच झालं की.

लक्ष देण्याची सवय दोन्हीकडे लागते, त्यामुळे सारखं दिसतं. फरक असा की इथे कोणीतरी समोर आहे. लक्ष दिल्यावर माझी शांती वाढली तर छानच, पण कधीकधी उलट होतं. लक्ष दिल्यामुळे शेजारणीचा उतरलेला चेहरा दिसतो आणि मग उठून तिच्याकडे जावं लागतं.

सगळीकडे देव पाहायचा म्हणजे सगळंच देव आहे, असं होत नाही का?

नाही. सुताराने केलेल्या खुर्चीत सुताराचा हात दिसतो, खुर्ची म्हणजे सुतार नव्हे.

रोजच्या आयुष्यातच देव भेटत असेल तर उपासनेला जायची काय गरज?

येशू मेलेल्यांतून उठला त्या दिवशी अम्माऊस गावाच्या वाटेवर निघालेल्या दोन शिष्यांना पाहा (लूक २४). रस्त्याने चालताना येशू त्यांच्याबरोबर होता, तरी त्यांना ओळखू आला नाही. शास्त्र उलगडून सांगताना अंतःकरण आतून पेटल्यासारखं झालं, आणि भाकर मोडताना डोळे उघडले. वचन आणि भाकर म्हणजे उपासनेतलेच दोन भाग. तिथे ओळख पटली म्हणून मागची वाट उजळली. आणि पटल्यावर ते करतात काय? रात्र पडायला आलेली असूनही त्याच घटकेला उठून यरुशलेमेला परत जातात, बाकीच्यांकडे. सुमारे अकरा किलोमीटर!

कॅथलिक मंडळीच्या कालगणनेत आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ वगळून उरलेल्या ३३ किंवा ३४ आठवड्यांना ‘सामान्य काळ’ म्हणतात. वर्षाचा निम्म्याहून मोठा भाग तो. हिरवी वस्त्रं, सणवार फारसे नाहीत, आठवडे फक्त मोजत जायचे. मंडळीने साध्या दिवसांनाही पंचांगात जागा दिली, याचं मला कौतुक वाटतं.

सुरुवात कुठून करू? एखादी सोपी रीत सांगा.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाची उजळणी करायची रीत घालून दिली, दुपारी एकदा आणि रात्री एकदा. मी रात्रीचीच करते. दिवे घालवल्यावर दिवस सकाळपासून उलगडायचा, फार खोलात न जाता. कुठे बरं वाटलं? त्याबद्दल आभार. कुठे माझं वागणं चुकलं? त्याबद्दल क्षमा. उद्याच्या एखाद्या अवघड भेटीसाठी मदत मागायची. पाच-सात मिनिटं लागतात. वही घालायची तर घाला, पण तिचा ताळेबंद करू नका. हे मी हिशेबनीस असून सांगतेय. मी सहा महिने गुणदोषांचे रकाने आखून पाहिले आणि शेवटी स्वतःवर वैतागून वही फाडली.

मान्नाची, म्हणजे रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेल्या अन्नाची, गोष्ट ध्यानात ठेवा (निर्गम १६). रोजचा रोज गोळा करायचा, उद्यासाठी साठवला की किडे पडायचे, अपवाद फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवसाचा. कालचा अनुभव आज पुन्हा यावा म्हणून धडपडू नका.

घरातल्या किंवा ऑफिसातल्या एका माणसाचा आवाजही सहन होत नाही. तिथेही देव शोधायचा?

लिझ्यूच्या संत तेरेझा (१८७३–१८९७) यांच्यामागे प्रार्थनेच्या वेळी एक भगिनी बसायची आणि सतत कसला तरी टिकटिक आवाज करायची. वळून एकदा रागाने पाहावं असं तेरेझांना फार वाटे. नुसतं सहन करताना त्यांना घाम फुटायचा, असं त्या स्वतः सांगतात. शेवटी त्यांनी तो आवाज टाळायचं सोडून दिलं आणि मैफल ऐकावी तसा लक्षपूर्वक ऐकायला सुरुवात केली. तीच त्यांची त्या वेळची प्रार्थना. आवाज गोड झाला नाही, हे महत्त्वाचं. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही. मला ऑफिसात पेन टकटक वाजवणाऱ्या माणसाबाबत जमलं नाही, मी टेबल बदलून घेतलं. आणि समोरचा माणूस टिकटिक न करता तुमचा अपमान किंवा छळ करत असेल, तर हे उदाहरण तिथे लावूच नका.

मला देवासाठी काहीतरी मोठं करायचं होतं. हे असलं बारीकसारीक आयुष्य वाया गेल्यासारखं वाटतं.

नामानालाही तसंच वाटलं होतं (२ राजे ५). मोठा सेनापती, कुष्ठ झालेलं, अलीशा संदेष्ट्याच्या दाराशी लवाजम्यासह आला आणि निरोप मिळाला की यार्देनेत सात वेळा स्नान कर. तो संतापून निघाला. त्याचे चाकर त्याला म्हणाले की संदेष्ट्याने एखादं अवघड काम सांगितलं असतं तर आपण केलं नसतं का? चाकरांना कळलं ते सेनापतीला कळत नव्हतं.

बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहूदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्र पाठवलं (अध्याय २९). त्यांना वाटत होतं की खरं आयुष्य परत गेल्यावर सुरू होईल. यिर्मया लिहितो की घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. आणि मुदत किती? ७० वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांचं उरलेलं सगळं आयुष्य. कधी मोठं काम समोर आलं तर जरूर घ्या. तोवर मळा आहे.

आज दिवसभरात एकदाही देवाची आठवण झाली नाही. आता झोपायची वेळ झाली. काय करू?

झोपा. तेरेझांना प्रार्थनेतच डुलकी लागायची, वर्षानुवर्षं. त्या म्हणत की आईबापांना आपली लेकरं झोपलेली असली तरी जागेपणीइतकीच आवडतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात दिवस मोजताना आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. त्या हिशेबाने तुमचा उद्याचा दिवस सुरूही झालाय, आणि त्यातलं पहिलं काम अंथरूण घालणं हे आहे.